मोठी नदी, जवळचं पाणी

माझं लहानपण कऱ्हाडला गेलं. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात त्या प्रीतिसंगमाच्या खालच्या अंगाला आम्ही पोरं वेळूच्या काठीला गळ बांधून बसायचो. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. गळ टाकायचा आणि वाट बघायची, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. पुढे नोकरीनिमित्त कॅनडात कॅलगरीला आलो आणि गावातून वाहणाऱ्या बो नदीवर फ्लाय फिशिंग पाहिलं. इथे गळाला आमिष नसतं. हुकाला पीस, केस आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी असते. तिला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून फेकायचं वजन असतं ते दोरीत. जाड, गुळगुळीत लाईन रॉडनं मागेपुढे झुलवायची, ती हवेत उलगडत जाते आणि तिच्या टोकाचा बारीक पारदर्शक लीडर माशीला पाण्यावर नेऊन ठेवतो.

बो नदीवर येणारे बरेच जण होडीतून मासे धरतात. सकाळी एका ठिकाणी होडी पाण्यात घालायची आणि संध्याकाळी पंधरा-वीस किलोमीटर खाली काढायची. माझ्याकडे होडी नव्हती आणि पुढे ती घ्यावीशीही वाटली नाही. सोळा वर्षं मी काठावरूनच ट्राउट मासे धरतो आणि सोडतो आहे. पुढे लिहितोय ते सगळं त्या काठावर शिकलेलं.

१. मोठी नदी आधी लहान करून घ्यावी.

बो नदी बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या हिमनदीच्या पाण्यातून निघते, रॉकी पर्वत उतरून कॅलगरीत येते आणि एकूण ५८७ किलोमीटर वाहून ओल्डमॅन नदीला मिळते. शहराच्या दक्षिणेला फिश क्रीक पार्कच्या बाजूला उभं राहिलं की पलीकडच्या काठावरचा माणूस बोटाएवढा दिसतो. उन्हाळ्यात सेकंदाला शंभर घनमीटरच्या आसपास पाणी समोरून जात असतं. एवढं पाणी बघून मन दडपतं, आणि दडपलेला माणूस जमेल तितकी लांब माशी फेकू बघतो.

पहिल्या वर्षी मी तेच केलं. मांड्यांएवढ्या पाण्यात शिरायचो आणि मधल्या धारेवर नजर ठेवून खांदा दुखेपर्यंत फेकत राहायचो. मोठा मासा मधोमधच असणार, हे मी धरूनच चाललो होतो. कऱ्हाडलाही मोठा मासा डोहातच असतो असं आम्ही मानायचो. त्या अख्ख्या उन्हाळ्यात चार मासे मिळाले.

सप्टेंबरातल्या एका सकाळी काठावरच्या गवतात एक वयस्क गृहस्थ बसले होते. मी थकून बाहेर आलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तू आत शिरलास ना, तेव्हा तुझ्या पायांजवळून तीन मासे पळाले." मग ते उठले, थोडं वरच्या बाजूला गेले, गवतातच गुडघ्यावर बसले आणि काठापासून जेमतेम दोन हातांवर माशी टाकली. पाणी तिथे गुडघाभरही नव्हतं. तिसऱ्या वेळी माशी बुडाली आणि कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा रेनबो ट्राउट पाण्याबाहेर उसळला.

कारण साधं आहे. पाणी तळाला आणि काठाला घासतं, म्हणून तिथे त्याचा वेग कमी होतो. ट्राउटला दिवसभर मधल्या धारेशी झुंजत राहणं परवडत नाही. त्यानं खाल्लेल्या किड्यातून मिळणारी ताकद पोहण्यात खर्च होणाऱ्या ताकदीपेक्षा जास्त असायला हवी. संथ पाणी, शेजारून अन्न वाहून आणणारी धार आणि लपायला दगड किंवा झुकलेली फांदी, या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे तो राहतो. मोठ्या नदीत अशी जागा बहुतेक वेळा काठालगतच असते. म्हणून आता मी काठापासून पाच-सहा मीटरचा पट्टा म्हणजेच एक स्वतंत्र ओढा समजतो. पलीकडची नव्वद मीटर नदी त्या दिवसापुरती माझी नाही.

२. पहिली दहा मिनिटं रॉड जोडू नये.

ट्राउट प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभा असतो, म्हणून मी नेहमी खालून वर चालतो. त्याच्या मागे एक अरुंद पट्टा असा असतो जो त्याला दिसत नाही. पाण्यातून वर बघताना बाहेरचं सगळं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. त्या खिडकीच्या कडेला, म्हणजे जमिनीलगत असलेल्या गोष्टी दबून अंधूक होतात. उभा माणूस त्याला दिसतो, वाकलेला माणूस सहज दिसत नाही. गोट्यांवरून धपधप चालल्याचे हादरे मात्र त्याला लगेच जाणवतात.

म्हणून आल्याबरोबर काठापासून चार पावलं मागे बसायचं आणि पाणी बघत राहायचं. मासा वर आला की मोठी उसळी दिसेलच असं नाही. मोठे ट्राउट संथ पाण्यात नुसतं नाकाचं टोक बाहेर काढतात. पावसाचा एखादा थेंब पडल्यासारखं वर्तुळ उठतं आणि वाहून जातं. ते कुठे उठलं यापेक्षा किती वेळानं पुन्हा तिथेच उठलं, ते मी मोजतो.

३. धारेची शिवण शोधावी.

इंग्रजीत वेगवान आणि संथ पाणी जिथे जुळतं त्या रेषेला शिवण या अर्थाचाच शब्द आहे, आणि मराठीतही तो चपखल बसतो. दोन कापडं जोडल्यासारखी ती रेषा दिसते. एका बाजूला पाणी चुरगळलेलं, दुसऱ्या बाजूला इस्त्री केल्यासारखं. मासा संथ बाजूला थांबतो आणि वेगवान बाजूनं येणारं अन्न मान वळवून टिपतो.

दूरची शिवण फेसावरून ओळखायची. नदी जो फेस घेऊन चालते तोच रस्ता मेलेल्या आणि उमलत्या किड्यांचाही असतो. फेसाची अरुंद पट्टी काठाच्या दिशेनं वळली की माझं पाऊल आपोआप हळू पडतं.

बो नदीवर अशा शिवणी मला तीन प्रकारच्या जागी हमखास सापडल्या. गोट्यांचं बेट संपतं तिथे दोन्ही बाजूंची पाणी एकत्र येतात, ती पहिली. नदी वळते तिथे आतल्या बाजूचा उथळ गोटाड भाग एकदम खोल होतो, ती दुसरी. आणि तिसरी म्हणजे मानवनिर्मित. २०१३ च्या महापुरानंतर काठ वाचवण्यासाठी शहरात ठिकठिकाणी मोठाले दगड रचले गेले. सुरुवातीला मला ते दगड डोळ्यांत खुपायचे, जुना काठ गेला याचं वाईट वाटायचं. पण एकेका दगडामागे एक छोटा भोवरा असतो, आणि कित्येक भोवऱ्यांत एक ब्राउन ट्राउट. अशा रचलेल्या काठावर मी पाण्यात पाय घालतच नाही. वरच्या दगडावर बसून रॉडच्या टोकाखालीच माशी सोडतो. लाईन जवळजवळ पाण्याला लागत नाही, नुसता लीडर लागतो.

अशा जागी आठ-दहा वेळा माशी नीट वाहिली आणि काही झालं नाही, तर दोन पावलं वर सरकावं. मला हे शिकायला फार वर्षं लागली. एकाच जागी शंभर वेळा फेकण्यात चिकाटी आहे असं वाटतं, पण काठावरच्या माणसाची चिकाटी पायात हवी.

४. काठ हेच माशांचं ताट आहे.

स्टोनफ्लाय या मोठ्या किड्याची पिल्लं नदीतळाच्या दगडांखाली वाढतात. प्रौढ व्हायची वेळ आली की ती पाण्यात उमलत नाहीत, तळावरून चालत काठाकडे येतात आणि दगडावर चढून कात टाकतात. जुलैच्या सुरुवातीला काठावरचे दगड आणि पुलांचे खांब या रिकाम्या कातींनी भरलेले दिसतात. पाठीवर चीर गेलेली, पाय तसेच दगडाला घट्ट धरलेले. ती चाल सुरू असते तेव्हा ट्राउटही त्यांच्यामागे अगदी काठाला येतो. अशा पहाटे मी पाण्यात उतरणं म्हणजे त्याच्या पंगतीतून चालत जाणं होय.

ऑगस्टात नाकतोडे येतात. वाऱ्याच्या झोतानं ते काठच्या गवतातून पाण्यात पडतात. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना एकदा बरोबर आली होती. तिनं एक नाकतोडा पकडून काठावरून पाण्यात सोडला. तो पाय झाडत चार-पाच मीटर वाहत गेला, एका वाकलेल्या झुडपाखाली पोचला आणि फक्त 'पच्' असा आवाज झाला. "बाबा, गेला तो!" ती ओरडली. तिनं दुसरा सोडला, तोही त्याच जागी गेला. तिसराही. त्या दुपारी मी रॉड उघडला नाही. मासा नेमका कुठे राहतो हे एवढ्या स्वच्छपणे मला आधी कुणी दाखवलं नव्हतं. त्या झुडपाखाली पुढची तीन वर्षं मला ऑगस्टात मासा मिळत राहिला.

संध्याकाळ कॅडिसची. पतंगासारखे पंख मिटून बसणारे हे किडे सूर्य कलल्यावर झुडपांतून थव्यानं पाण्यावर येतात. आणि ही नदी इतके किडे पोसते कशी, याचं उत्तर शहरात आहे. कॅलगरीचं सांडपाणी बॉनीब्रूकसारख्या केंद्रांत शुद्ध होऊन नदीत येतं. त्यात उरलेल्या फॉस्फरस-नायट्रोजनवर शेवाळ आणि पाणवनस्पती वाढतात, त्यांवर किडे, किड्यांवर मासे. डोंगरातल्या वरच्या स्वच्छ पाण्यापेक्षा शहराखालच्या पाण्यात ट्राउट जास्त आणि धष्टपुष्ट आहेत ते यामुळे. हे समजलं तेव्हा मी जरा अस्वस्थ झालो होतो. निर्मळ नदीचं जे चित्र मनात होतं त्यात हे बसत नव्हतं. पण ही नदी लाखो माणसांच्या शहरातून वाहते, तेव्हा तिच्या तब्येतीची जबाबदारीही आमची, एवढं मात्र मनात पक्कं बसलं.

५. माशी ओढली जाता कामा नये.

खरा किडा प्रवाहाच्या वेगानंच वाहतो. आपली माशी दोरीला बांधलेली असते, आणि दोरी वेगवेगळ्या वेगाच्या पाण्यांवर पडलेली असते. मधली वेगवान धार दोरीला पोटासारखा फुगवटा आणते आणि माशी फरफटते. ट्राउटला ते लगेच कळतं.

उपाय दोन. लाईन पाण्यावर पडताक्षणी रॉडच्या टोकानं तो फुगवटा वरच्या दिशेला पलटायचा. दुसरा उपाय पहिल्याच धड्यात आला आहे: जवळ फेका. दोरी जितकी कमी, तितकी ओढ कमी. होडी माशीबरोबरच वाहते, त्यामुळे होडीतल्या माणसाला लांबलचक वाहतं अंतर मिळतं. काठावरच्याला तीन-चार मीटर मिळतात. तेवढे पुरतात, पण ते तीन-चार मीटर खरे असावे लागतात.

मागे झाडं असली की लाईन मागे झुलवता येत नाही. तिथे रोल कास्ट करावा. लाईन पाण्यावरच ठेवून रॉड सावकाश कानापर्यंत आणायचा आणि खिळा ठोकल्यासारखा पुढे थांबवायचा. बो नदीचा काठ वाळुंज आणि कॉटनवुडच्या झाडांनी भरलेला आहे, त्यामुळे हा एक कास्ट मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वापरतो.

नऊ फुटी, सहा नंबरच्या लाईनचा रॉड या नदीला पुरे होतो. याहून जास्त सामानाबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही.

६. गुडघ्याच्या वर पाणी चढू देऊ नये.

सहाव्या वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीस, पलीकडच्या गोट्यांच्या बेटावर जायचा मोह झाला. पाणी कमरेला लागलं तेव्हाच परत फिरायला हवं होतं. शेवाळलेल्या गोट्यावरून पाय निसटला आणि मी वाहू लागलो. वेडर्सच्या, म्हणजे पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक पोशाखाच्या, कमरेचा पट्टा मी सैल बांधला होता, त्यातून पाणी आत शिरलं. त्या थंडीनं श्वास छातीतच अडकतो, ओरडताही येत नाही. वीसेक मीटर खाली उथळ गोटाड लागलं म्हणून मी हातापायांवर रांगत बाहेर आलो. काठावर बराच वेळ मला बोटांनी पट्ट्याची कडी उघडता येत नव्हती.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिनं मधे एकही शब्द न बोलता ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं पाण्यात टेकायची काठी आणून दाराशी ठेवली. तेव्हापासून ती काठी घेतल्याशिवाय मी नदीवर गेलेलो नाही. पट्टा घट्ट बांधतो. पाय उचलत नाही, तळावरून सरकवतो. एक पाय पक्का रोवल्याशिवाय दुसरा हलवत नाही. वाहून गेलोच, तर पाठीवर, पाय खालच्या दिशेला करून तरंगायचं, हे मुलीलाही शिकवून ठेवलंय.

७. एकच पट्टा वर्षभर बघावा.

माझा पट्टा तीनशे-चारशे मीटरचा आहे. मेअखेरपासून जूनभर डोंगरातलं बर्फ वितळतं आणि नदी चहाच्या रंगाची होऊन फुगते. तेव्हा मासे अगदी काठाच्या गवताला चिकटतात. दृश्यता बोटभर असते, तरी मोठी, गडद रंगाची माशी काठालगत सोडली की कधीकधी मासा मिळतो. जुलैच्या मध्यापासून पाणी निवळतं. ऑक्टोबरात ते खाली जातं आणि उन्हाळाभर झाकलेला तळ उघडा पडतो. हा माझा अभ्यासाचा महिना. कोणत्या दगडामागे खड्डा आहे, कुठे बुडालेलं खोड आहे, हे सगळं मी वहीत काढून ठेवतो. पुढच्या जुलैत पाणी चढल्यावर मासे त्याच ठिकाणी शोधायचे असतात.

अशी चार वर्षं काढलेली चित्रं जून २०१३ मध्ये निरुपयोगी झाली. डोंगरात अजून बर्फ होतं, त्यावर प्रचंड पाऊस झाला, आणि बो आणि एल्बो या दोन्ही नद्या एकदम शहरात शिरल्या. हजारो माणसांना घरं सोडावी लागली. काही आठवड्यांनी मी माझ्या पट्ट्यावर गेलो तेव्हा उभं राहायचा दगड नव्हता, वळणावरचं बेट नव्हतं, पोरीचं झुडूप नव्हतं. कृष्णेला पूर आला की घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या ते बघायला आम्ही लहानपणी जायचो. पाणी ओसरलं की पायऱ्या पुन्हा जागच्या जागी असायच्या. इथे नदीनं पायऱ्याच नेल्या होत्या. मी नवी वही घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मासे पुढच्याच वर्षी नव्या शिवणींवर येऊन राहिले होते. मला त्या सापडायला दोन वर्षं लागली.

८. मासा पाहुणा आहे, त्याला नीट परत पाठवावं.

इथला ब्राउन ट्राउट मुळात युरोपातला. १९२५ साली माशांची पिल्लं घेऊन निघालेला ट्रक बॅन्फजवळ कॅरट क्रीकपाशी बंद पडला आणि पिल्लं तिथेच सोडावी लागली, तेव्हापासून तो बो नदीत आहे, असं इथे सांगतात. रेनबोही बाहेरून आणलेला. इथल्या मूळच्या माशांपैकी एक म्हणजे बुल ट्राउट. तो अल्बर्टा प्रांताचा अधिकृत मासा आहे आणि तो ठेवून घ्यायला संपूर्ण बंदी आहे. त्याच्या पाठीच्या पंखावर काळा ठिपका नसतो, एवढी खूण लक्षात ठेवावी. मी स्वतः कोणताच ट्राउट घरी नेत नाही.

हुकाचा उलटा काटा मी चिमट्यानं दाबून टाकतो. मासा धरण्यापूर्वी हात ओले करतो, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगाला वाट मिळते. शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढत नाही. तोंड प्रवाहाकडे करून हलकेच आधार देतो, तो स्वतःहून निघून जाईपर्यंत. ऐन उन्हाळ्यात पाणी १८-१९ अंशांपर्यंत तापतं, त्यात प्राणवायू कमी असतो. अशा पाण्यात दमलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो. मी खिशात थर्मामीटर ठेवतो आणि पारा तिथे पोचला की रॉड गुंडाळतो, मग मासे कितीही वर येत असोत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्राउन ट्राउटची मादी उथळ गोट्यांत शेपटीनं खड्डा करून अंडी घालते. आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळात तेवढाच एक लंबगोल भाग घासल्यासारखा उजळ दिसतो. तिथे पाय ठेवू नये, आणि त्यावर उभ्या असलेल्या माशांना माशीही दाखवू नये.

९. घरी आल्यावर आधी बूट धुवावेत.

२०१६ साली बॅन्फमधल्या जॉन्सन तलावात व्हर्लिंग डिसीज सापडला. कॅनडातली ती पहिली नोंद, आणि पुढे तो बो नदीतही आढळला. एका सूक्ष्म परजीवीमुळे ट्राउटच्या पिल्लांचा कणा वाकडा होतो आणि ती स्वतःभोवती गोल गोल फिरत राहतात. माणसाला त्यापासून काही धोका नाही. पण त्या परजीवीचे बीजाणू चिखलात टिकून राहतात आणि बुटांच्या तळव्यांतून एका नदीतून दुसऱ्या नदीत जाऊ शकतात. काठावरून मासेमारी करणारा माणूस दिवसभर चिखलातच उभा असतो, म्हणून ही काळजी होडीवाल्यापेक्षा आमची जास्त.

मी नदीवरच ब्रशनं तळव्यांच्या खाचा साफ करतो. घरी बादलीत पुन्हा धुतो, नाड्या सोडवून वेगळ्या धुतो, वेडर्स आतून-बाहेरून पुसतो. मग सगळं बाल्कनीत दोरीवर उलटं टांगतो. काठीसुद्धा धुऊन दाराशी ठेवतो, तिच्या नेहमीच्या जागी. बुटांच्या आतला फेल्टसारखा अस्तराचा भाग वाळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. शुक्रवारी रात्री त्यात हात घालून बघतो. ओल लागली, तर शनिवारी दुसऱ्या नदीवर जात नाही, बो नदीवरच जातो.